गच्चीवरची हाक

१९ मार्च १९९४
उम्म अल कुवैन

ईदची सुट्टी संपून आज टायपिंग सेंटर उघडलं. सेंटर चालवणाऱ्या रशीदाने ही डायरी दिली. कुठल्याशा टायरवाल्याने फुकट वाटलेली, दर पानाच्या कोपऱ्यात एक टायर. म्हणाली, "दाऊदचाचा, तुम्ही बिलाच्या पाठीवर पण लिहीत बसता. ही घ्या, खलास."

पहिल्या पानावर नाव घालायची जागा आहे म्हणून घालतो. दाऊद शालोम किहीमकर. वय चौसष्ट. काम, अरबी-इंग्रजी टायपिंग. लग्न केलं नाही. इथे आखातात येऊन पंधरा वर्षं झाली.

जन्मापासून अकरा वर्षं मी बगदादचा दाऊद शाऊल होतो. मग मामा मला मुंबईला घेऊन आला आणि वर्षभरात टायफॉइडने वारला. तेव्हा किहीमच्या शालोम मास्तरांनी मला आपल्या घरी नेलं आणि शाळेच्या रजिस्टरात स्वतःचं आडनाव दिलं. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचा देव तेवढा एक. भाषा, जेवण, कपडे, काहीच एक नव्हतं. मास्तरांनी मला चुलीपाशी बसवून पाटीवर बाराखडी गिरवून घेतली. वर्षभरात मी मराठीत भांडायला लागलो, तेव्हा त्यांच्या घरच्या बाई म्हणाल्या, आता हा आपला झाला.

म्हणून मराठीत लिहितो. अरबी इथे कुणीही वाचेल. मराठी वाचणारा या खोलीत एकटा सदानंद, आणि तो बोटींच्या यार्डात वेल्डिंग करून आला की ताटावरच डुलक्या काढतो.

व्हिसाच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. एकोणऐंशी साली एजंटने माझं नाव ऐकून तिथे 'मुस्लिम' लिहिलं. मी बघितलं आणि गप्प बसलो. तेव्हापासून गप्पच आहे.

१ एप्रिल

आमचा वल्हांडण सण चालू आहे. हे आठ दिवस खमिराचं काही खायचं नाही, म्हणजे कॅफेटेरियातला खुबूस, इथली रोटी, बंद. सदानंदला पोट बिघडल्याचं सांगितलं. योगायोग बघा, त्यालाही नेमकी याच दिवसांत तांदळाच्या भाकरीची हुक्की आली. रेवदंड्याचा माणूस, भाकरी छान थापतो. "काका, खुबूस खाऊन खाऊन तोंडाची चव गेली. आठ-दहा दिवस भाकरीच करू." गेल्या वर्षीही याच सुमारास त्याची चव गेली होती. हवेचा परिणाम असावा.

कॅफेटेरियाच्या टीव्हीवर अजून हेब्रॉनच्या मशिदीची बातमी दाखवतात. एका यहुद्याने नमाजाला वाकलेली माणसं मारली. शेजारच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, हे लोक सगळे असेच. मी चहा अर्धा टाकून उठलो. राग आला, लाज वाटली, भीतीही वाटली. कुठलं आधी, ते सांगता येणार नाही.

११ एप्रिल

आज माझ्या तोंडून चूक झाली.

दुपारी गर्दीच्या वेळी एक इराकी म्हातारा आला. एवढ्या उन्हात कोट, कोटाच्या बाह्या विरलेल्या. मुलगा इथल्या फॅक्टरीत इंजिनियर आहे, त्याच्याकडे व्हिजिट व्हिसावर आलाय, मुदत वाढवून हवी होती. नाव चार भागांत लिहायचं की तीन, हे त्याने तीनदा विचारलं. दोनदा नीट सांगितलं. तिसऱ्या वेळी वैतागून म्हणालो, "क़ेल्तोलक!" सांगितलं ना तुला!

पंधरा वर्षं मी इथे आखाती अरबी बोलतो. कुणी इराकी आलाच तर त्यांच्यासारखी. बगदादचा मुसलमान 'मी सांगितलं' हे वेगळं म्हणतो, त्याच्या तोंडी तिथे 'ग' येतो. 'क़' म्हणणारा माणूस त्या शहरात यहुदी. गल्लीतली पाच वर्षांची पोरंही यावरून घर ओळखायची. हा शब्द मी त्रेपन्न वर्षांत उच्चारला नव्हता. माझ्या आईचा शब्द. कुठे बसला होता कोण जाणे.

म्हाताऱ्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याचं नाव मी टाइप केलं, जलील, जन्म बगदाद, १९२६. दोनदा कागद बदलावा लागला.

१४ एप्रिल

तो आज पुन्हा आला. त्याचं काही काम नव्हतं. बाकावर बसला, पाणी मागून प्यायला. मी आत चहा करायला गेलो तेव्हा त्याने रशीदाला विचारलं, हा माणूस कुठला? पडद्यामागून मला सगळं ऐकू येत होतं. रशीदा फटकन म्हणाली, "हिंदचा. आमच्या म्हसळ्याचा. माझ्या सासऱ्यांच्या चुलत भावाचा मुलगा."

माझं आणि रशीदाचं काहीही नातं नाही. तो गेल्यावर मी म्हटलं, "हे काय नवीन?"

"चाचा, फालतू चौकशी करणाऱ्याला एवढं बस झालं," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोटो कातरायला लागली. चौकशांचा तिला पहिल्यापासून तिटकारा. माझा व्हिसाचा फॉर्मसुद्धा दर वेळी ती स्वतःच भरते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. काटेकोर बाई आहे.

२३ एप्रिल

सकाळी कामाला निघालो आणि दारावर लाल खडूची फुली दिसली. सदानंद मागून आला. "काका, झुरळांचं औषध मारणारे येणार आहेत. त्यांनी केलीय. सगळ्या खोल्यांवर आहे." मी दोन्ही ओळी फिरून बघून आलो. खरोखरच सगळ्या दारांवर होती. तरी आमची मी ओल्या फडक्याने पुसली. सदानंद बघत होता. मग त्याने माझ्या हातून फडकं घेतलं आणि चौकटीला राहिलेला लाल रंग स्वतः पुसला. औषधवाले आमची खोली सोडून गेले. आता झुरळं आमचीच.

एक्केचाळीस साली बगदादला आमच्या गल्लीतल्या यहुद्यांच्या दारांवरही लाल खुणा होत्या. पोरं डबा घेऊन फिरली होती. बाबांनी ब्रशाने घासली तर रंग गेला नाही, फिकट गुलाबी झाला. बाबा कापडाच्या दुकानात कामाला होते. म्हणाले, रंग पक्का आहे, चांगल्या प्रतीचा. हे म्हणताना हसले होते.

जलील या आठवड्यात चार वेळा आला. माझी तक्रार करणार, हे मला दिसतंय. कुठे करेल? पोलिसांत? इमिग्रेशनमध्ये? मग पंधरा वर्षांचं खोटं बाहेर येईल, रशीदाचंही सेंटर जाईल. ठाण्याला मास्तरांच्या नातवाकडे कायमचं जावं का? पण त्यांच्याकडे दोनच खोल्या आहेत, आणि वर गच्ची. लोक आजकाल गच्चीवर बसतात, वाढदिवस करतात. मला गच्ची चालत नाही. इथेही मे लागला की सगळी पोरं वर झोपायला जातात. मी खालची खोली मागून घेतली आहे. चक्कर येते असं सांगून ठेवलंय.

५ मे

तो बोलला.

रशीदा बँकेत गेली होती. जलील बाकावरून उठून माझ्या टेबलापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अबू सैफैन. तुम्ही मशिदीच्या मागच्या गल्लीत राहायचा."

अबू सैफैन हा आमचा मोहल्ला. मी टाइप करत राहिलो. काय टाइप केलं देव जाणे.

"शाऊल कापडवाल्याचा मुलगा. दाऊद."

मी आखाती अरबीत म्हटलं, "मी हिंदी माणूस आहे. तुमची गल्लत होतेय."

"हिंदी माणूस 'क़ेल्तोलक' म्हणत नाही," तो म्हणाला. "घाबरू नकोस. मी तुमच्या डाव्या हाताच्या घरातला. उम्म जलीलचा मुलगा. जूनच्या मध्यापर्यंत मी इथे आहे, मग परत जायचंय. तुमचं काही तरी माझ्याकडे राहिलंय."

पत्त्याची चिठ्ठी टेबलावर ठेवून गेला. डाव्या हाताचं घर. मला आठवली ती त्याची आई, मोठ्या आवाजाची बाई, आमच्याकडे शनिवारी चूल पेटवून द्यायला यायची. आम्ही त्या दिवशी विस्तव लावत नसू.

आमचं काय राहिलं असेल त्यांच्याकडे? आईचं चांदीचं सुरमादान, गालिचा, तांब्याची भांडी. सगळं घर लुटलं होतं, दारंसुद्धा काढून नेली होती. त्रेपन्न वर्षांनी कुणाला गालिचा परत करावासा वाटत असेल तर वाटो. मला नकोय. चिठ्ठी फाडली. मग तुकडे जोडून पत्ता इथे उतरवून ठेवला. का, ते माहीत नाही.

१६ मे

आज आमचा सप्ताहांचा सण. मी पाळत नाही, पण तारीख मनात असते. एक्केचाळीस साली दंगल झाली तेव्हाही हाच सण होता, जूनची पहिली तारीख आली होती. आज जे लिहितोय ते आजवर कधी लिहिलं नाही.

आम्ही नवे कपडे घातले होते. नईमाचा फ्रॉक पिवळा. ती सात वर्षांची. बाबा सकाळी नदीपलीकडे गेले ते आलेच नाहीत. बसमधून खाली खेचलं, हे नंतर कळलं. दुपारी गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा सुरू झाला. आईने आम्हाला गच्चीवर ढकललं. "नईमाचा हात धर. गच्च्यागच्च्यांवरून मामाकडे जा. मी आलेच."

आमच्याकडे सगळ्या गच्च्या एकमेकींना लागून, मध्ये छातीएवढी भिंत. नईमाला वर उचलून एक भिंत ओलांडली. दुसऱ्या भिंतीशी पोचलो तेव्हा मागे आमच्या जिन्यातून माणसं वर आली. एकाच्या हातात खाटकाचा सुरा होता. मी तिचा हात सोडला, भिंतीवर चढलो आणि पलीकडे उडी टाकली. ती उंचीने एवढीशी. तिला चढता येणार नव्हतं, मला माहीत होतं.

पाण्याच्या रांजणांमागे लपलो. बऱ्याच वेळाने डोकावलो तेव्हा गच्ची रिकामी होती. तिचं काहीच सापडलं नाही. मेलेल्यांना एकत्र पुरलं, तिथेच असेल असं सगळे म्हणाले. आई चार महिन्यांनी गेली.

एवढं लिहायला तीन तास लागले. सदानंदने दोनदा येऊन बघितलं. "काका, जेवताय ना?" नंतर भात झाकून ठेवून वर गच्चीवर गेला.

१ जून

गेलो. पत्ता शोधत चालत गेलो. समुद्राच्या बाजूची जुनी वस्ती आहे, खालच्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगा आणि सून कामावर. जलीलने चहा केला, त्यात सुकं लिंबू टाकलं होतं. आमच्याकडे तो चहा पोट दुखताना द्यायचे.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "गालिचा असेल तर मला नको."

त्याला कळलंच नाही. "कसला गालिचा?"

मग म्हणाला, "बस. तुझी बहीण त्या दिवशी आमच्या जिन्याने खाली आली."

मी बसलो.

"डोक्यातून रक्त वाहत होतं. कुणी मारलं की ती पडली, माहीत नाही. माझ्या आईने तिला उचलून तळघरात नेलं. धान्याच्या पोत्यांमागे गोधडी घातली. गल्लीत लोक दारं फोडत होते. आई दारात जाऊन उभी राहिली आणि त्यांना ओरडून सांगितलं, हे मुसलमानाचं घर आहे, आत बायका आहेत. ते गेले, परत आले, पुन्हा गेले."

"जिवंत होती?" मी विचारलं.

"तीन दिवस."

तीन दिवस. मी तो आकडा मनात कुठे ठेवू ते मला कळेना.

"त्याच दिवशी दिवेलागणीला वरून हाक आली," जलील म्हणाला. "आमच्या तळघरात हवेसाठी गच्चीपासून भिंतीतून उतरलेला पोकळ बोळ होता, आठवतो ना? त्यातून आवाज आला. बाईचा. नईमा, नईमा. तुझी बहीण उठून बसली. तिने तोंड उघडलं. आमच्या दाराबाहेर त्या वेळी दहा-बारा माणसं होती, कुऱ्हाडी घेऊन. माझी आई वर होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला."

त्याने तो हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. म्हाताऱ्याचा हात, नखं स्वच्छ कापलेली.

"पंधरा वर्षांचा होतो मी. खूप जोरात दाबला. तीन हाका आल्या. मी स्वतःशी म्हणत होतो, ती माणसं गेली की सोडतो. माणसं गेली. आणखी एक हाक आली असती तर मी हात काढला असता. खुदाची शपथ, काढला असता. चौथी हाक आली नाही. मी रोज तिची वाट बघतो. शाळेत चाळीस वर्षं शिकवलं, पोरांचा गोंगाट चालू असताना मध्येच गप्प व्हायचो. पोरांना वाटायचं, मास्तर धडा विसरले."

पुढचं त्याने भराभर सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती तापात गेली. तोवर लष्कराने बंदोबस्त केला होता आणि पोलिस लुटीचा माल शोधत घरोघर फिरत होते. घरात यहुद्याचं मेलेलं पोर सापडलं तर कोण विश्वास ठेवणार? आईने तिला न्हाऊ घातलं आणि भाची म्हणून नदीपलीकडच्या करखमधल्या कब्रस्तानात, स्वतःच्या माहेरच्या जागेत पुरलं. दगडावर नाव ज़हरा. आमच्या घरी विचारायला आई दोनदा गेली, तर घराला दार नव्हतं आणि आत कुणी नव्हतं. पुढे कुणी सांगितलं, उरलेले बसऱ्याला गेले.

"आई दर ईदला जायची. आता मी जातो. दगड तसाच आहे. तुझं हेच माझ्याकडे राहिलं होतं," तो म्हणाला. "आता सांग, दगडाचं काय करू? आणि माझं काय करायचं ते कर."

चहा तसाच ठेवला. उठून आलो. रस्त्यात दोनदा वाट चुकलो. या गावात चुकण्याएवढ्या वाटा नाहीत.

३ जून

चौथी हाक मी थांबवली.

हे सोळा मेला लिहिलं नाही. हात सोडल्याचं लिहिलं. ते मी मास्तरांनाही सांगितलं होतं, ते सांगता येतं. अकरा वर्षांचं पोर, सुरा घेतलेला माणूस, ऐकणारा म्हणतो, तू तरी काय करणार होतास.

पण संध्याकाळी आई मला रांजणांमागे सापडली. मला घेऊन ती परत त्याच भिंतीशी सरपटत गेली आणि हाका मारायला लागली. खाली गल्लीत माणसं होती. तिच्या आवाजाने ती वर आली असती. मी तिची ओढणी ओढली, तरी ती थांबेना. तिसऱ्या हाकेनंतर मी म्हटलं, "ती मेली. मी बघितलं. त्यांनी तिला खाली फेकलं."

मी काहीही बघितलं नव्हतं.

आई गप्प झाली. मला म्हणाली, "तू बघितलंस?" मी म्हटलं, "क़ेल्तोलकी." सांगितलं ना तुला.

त्यानंतर चार महिने ती नईमाबद्दल एक शब्द बोलली नाही. शोधायला गेली नाही. डाव्या हाताच्या घराचं दारही तिने वाजवलं नाही. कशाला वाजवेल?

आणि तो म्हातारा आपला हात टेबलावर ठेवून मला विचारतोय, माझं काय करायचं ते कर.

६ जून

कामावर गेलो नाही. रशीदाने पोळी आणि डाळ पाठवली. सदानंद यार्डातून लवकर आला. खाटेच्या कडेला बसून राहिला.

मी सोपा मार्ग शोधतोय, हे मला कळतंय. जाऊन म्हणायचं, जलील, मी तुला माफ केलं. तो रडेल, माझे हात धरेल, समाधानाने बगदादला जाईल. मी त्याच्या आयुष्यातला भला माणूस होईन. खोटं तेवढं माझ्याजवळ राहील, जसं इतकी वर्षं राहिलं.

९ जून

आज जाऊन सांगितलं. आमच्या बोलीत, 'क़'च्या भाषेत. दुसऱ्या भाषेत जमलं नसतं.

जलील बॅग भरत होता. परवा अम्मानचं विमान, तिथून पुढे बसने. मी दारातच उभा राहून सगळं बोललो, मध्ये थांबलो नाही. आईला काय म्हणालो, ती काय म्हणाली, मग मी काय म्हणालो.

तो खाली बसला. हातातला शर्ट घडी घालून पुन्हा उघडला, पुन्हा घडी घातली. मला वाटलं, आता तो ओरडेल. त्रेपन्न वर्षं तो ज्या हाकेची वाट बघत होता, ती मी खाऊन टाकली होती.

मग म्हणाला, "तू अकरा वर्षांचा होतास."

"तू पंधराचा."

"हो."

मी जायला वळलो, तेव्हा तो दारापर्यंत आला आणि माझा खांदा धरून म्हणाला, "ऐक. हाक थांबल्यावर मी हात काढला, तेव्हा ती बोलली होती. म्हणाली, दाऊदने आईला नेलं. बरं झालं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत होता.

"दगड तसाच राहू दे," मी म्हटलं. "नाव बदललंस तर कुणी फोडेल. तू जाशील तेव्हा तिला खऱ्या नावाने हाक मार, तेवढं पुरे."

येताना सगळ्या रस्त्याने तेच वाक्य. दाऊदने आईला नेलं. बरं झालं. खरं असेल का? खरं असेल तर मी आता झोपू शकतो. मला ते हवंय. आणि हवंय म्हणूनच भरवसा वाटत नाही.

१२ जून

जलील काल गेला.

आज सकाळी सदानंद चहा घेऊन आला आणि उभाच राहिला. मग म्हणाला, "काका, घरचं कुणी गेलं का?"

मी म्हटलं, "बहीण. पण फार वर्षं झाली."

तो म्हणाला, "तुमच्यात दहा माणसं लागतात ना, प्रार्थनेला?"

मी कप खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? किहीमकर म्हटल्यावर आमच्याकडे पोरालाही कळतं. आमच्या आळीत चार घरं होती शनवार तेल्यांची, तुमच्याच लोकांची. रोहेकर मास्तर वारले तेव्हा दहा माणसं भरेनात, तेव्हा माझा बाप सायकलवरून अलिबागला जाऊन दोघांना घेऊन आला होता." मग म्हणाला, "रशीदाबाईंना पण माहीत आहे. त्या आणि मी कधी बोललो नाही त्यावर, पण आहे माहीत."

पंधरा वर्षं! मी काय काय लपवलं, किती काळजी घेतली, आणि ही माणसं आपली माझ्या लपण्याला दार लावून बाहेर उभी होती.

मी म्हटलं, "दहा लागतात, पण ती आमचीच लागतात रे. तुम्ही चालत नाही."

"मग आम्ही बाहेर बसतो," सदानंद म्हणाला.

दुपारी यार्डातली सुट्टीवरची आठ-नऊ माणसं खोलीबाहेर सावलीत बसली. कोण केरळचा, कोण बिहारचा, दोघे पठाण. सदानंदने त्यांना एवढंच सांगितलं होतं की काकांच्या घरी गमी झालीय. मी आत दार लोटून भिंतीकडे तोंड करून कद्दिश, गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हटलं. मध्ये दोन शब्द विसरलो. एकट्याने म्हटलेलं चालत नाही, मोजलं जात नाही, हे मला माहीत आहे. बाहेर कुणी खोकलं, कुणी बिडी विझवली. संपल्यावर दार उघडलं तेव्हा त्यातला म्हातारा पठाण उठला, त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या कामाला गेला.

२१ नोव्हेंबर

पाच महिने डायरी उघडली नव्हती. लिहिण्यासारखं काही झालं नाही. झोप पूर्वीइतकीच येते, म्हणजे थोडी. पूर्वी स्वप्नात हात सुटायचा, आता आवाज येतो. झोपेतच मी उठून बसतो आणि तोंड उघडतो.

आज जलीलचा मुलगा सेंटरमध्ये आला. अम्मानहून कुणी तरी आणलेलं पत्र त्याने हातात दिलं. पाकीट नव्हतं, घडी घातलेला वहीचा कागद. निर्बंधांमुळे तिकडे कागदही मिळत नाही म्हणे.

जलीलने लिहिलंय:

"मी कब्रस्तानात गेलो. तिला तिच्या नावाने हाक मारली, तुझ्याही वतीने. दगड ठीक आहे. भोवतीचं गवत काढलं.

एक गोष्ट मनात सलते आहे. दारात तुला जे बोललो ते खरं नव्हतं. तुझा चेहरा बघितला आणि तोंडून निघून गेलं. तू मला खरं सांगायला आलास आणि मी तुला खोटं देऊन पाठवलं. ती काही बोलली नाही. मी हात काढल्यावर ती रडलीही नाही. आडवी झाली आणि सकाळपर्यंत त्या बोळाकडे बघत राहिली. हे कळून तुला बरं वाटणार नाही. पण आता माझ्याजवळ तुझं काहीही राहिलं नाही."

दोनदा वाचलं. मग रशीदाला म्हटलं, अर्धा तास मशीन मला लागेल. तिने दारावरची पाटी उलटी केली आणि बाहेर जाऊन बसली.

बरं नाहीच वाटलं. पण पत्र वाचताना नईमा तळघरात गोधडीवर पडलेली दिसली. आजवर मला ती फक्त भिंतीशी, हात वर केलेली दिसायची. त्यापुढे तिला काही नव्हतंच. पुढचे तीन दिवस तिचे होते, आणि ते फक्त जलीलला माहीत आहेत.

माफीबिफीचं काही लिहिलं नाही. टाइप केलं ते एवढंच:

"प्रिय जलील, तुझं पत्र मिळालं. खरं लिहिलंस. तिने काही खाल्लं का? खजूर तिला आवडत नसे, सालं दातात अडकतात म्हणायची. तुझ्या आईने तिला कशात न्हाऊ घातलं? केस विंचरले का? ती फार गुंता करायची. त्या पिवळ्या फ्रॉकचं काय झालं? रात्री तिच्याजवळ कोण झोपायचं? तिने कुणाला काही विचारलं का, अगदी काहीही? माझ्याबद्दल असेल तरी लिही. विसरलास असं वाटलं तर तुझ्या घरात कुणाला आठवत असेल त्यांना विचार. पहिल्या दिवसापासून सुरू कर. सगळं लिही."